काळवंडलेले नाणे आणि उजाळ्याची प्रथा : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग झाला की नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. चांदी काळी पडते ती यामुळे. हा थर अगदी पातळ असतो तेव्हा काळा दिसत नाही. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि जाडी वाढेल तसा आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा रंग उमटतो. काळेपणा येतो तो शेवटी. या रंगछटांना संग्राहक टोनिंग म्हणतात. तांब्याचे नाणे आधी तपकिरी होते आणि सतत ओल लागली तर त्यावर हिरवे जंगाल चढते. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठी नाण्यांवरचा हा थर आणि तो काढून टाकण्याची सवय, दोन्ही जुन्या आहेत.

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा असून त्यात शिलाहार राजा मुम्मुणीचा उल्लेख आहे. शिलाहारांच्या काळात उत्तर कोकणात गधैया नाणी चालत. त्यांच्या एका बाजूला रेषा आणि ठिपके एवढाच उरलेला राजाचा मुखवटा असतो, तर दुसऱ्या बाजूला अग्निवेदीची खूण. शतके उलटली तसे या नाण्यांतील चांदीचे प्रमाण घटत गेले आणि तांब्याचे हीण वाढले. त्यामुळे जमिनीत पडून राहिलेल्या गधैया नाण्यावर काळा आणि हिरवा असे दोन्ही थर आढळतात. काळा थर चांदीचा, हिरवा तांब्याचा.

1657 मध्ये शेजारचे कल्याण शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. राज्याभिषेकानंतर पाडलेली तांब्याची शिवराई पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही लोकांच्या हाती फिरत राहिली. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. वापरलेली शिवराई जवळून पाहिली की अक्षरांचे माथे गुळगुळीत आणि फिकट दिसतात, तर खोलगट भागात गडद तपकिरी थर साचलेला असतो. झिजलेले अक्षर वाचता येते ते याच गडद पार्श्वभूमीमुळे. चिंचेने घासलेल्या शिवराईवर सगळीकडे सारखाच तांबडा रंग येतो आणि अक्षर डोळ्यांना सापडेनासे होते.

तरीही उजाळा देण्याच्या प्रथेमागे सबळ कारण होते. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात येत आणि प्रत्येकाचा कस निराळा असे. गावचा पोतदार, जो बहुधा सोनारच असे, नाणे वाजवून, वजन करून, कसोटीवर घासून पारखायचा आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा लागायचा. अशा व्यवहारात मळलेल्या नाण्याविषयी शंका यायची, लखलखीत नाण्यावर विश्वास बसायचा. घरोघरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये राख, रिठा किंवा लिंबू लावून उजळले जात. राखेचे कण धातू खरवडतात, लिंबा-चिंचेतील आम्ल तांब्याचा ऑक्साइड विरघळवते. वर्षातून एकदाच झालेली ही घासाघासही पन्नास दिवाळ्यांत रुपयावरच्या राणीच्या केसांच्या रेषा पुसून टाकते.

इंग्रजी काळातील रुपया 11.66 ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. 1940 पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि 1947 चा रुपया निकेलचा झाला. जुने रुपये चलनातून मागे घेतले गेले; जे उरले ते बचत म्हणून किंवा देवघरातले म्हणून. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि 1949 मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तोवर चांदीचा रुपया व्यवहारातून उठला होता. पुरचुंडीत किंवा डब्यात वर्षानुवर्षे न हलता पडून राहणे हेच आता त्याचे जिणे झाले आणि टोनिंग चढते ते नेमके अशाच नाण्यावर.

भोवतालची हवाही बदलत होती. अंबरनाथला 1920 च्या दशकात विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, पुढे रसायनांचे कारखाने वाढले आणि उल्हासनगरला लागून शहाडला रेयॉनचे उत्पादन सुरू झाले. काडीच्या गुलात गंधक असते. व्हिस्कोस रेयॉनसाठी कार्बन डायसल्फाइड लागतो आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. साचलेल्या सांडपाण्यातूनही हाच वायू निघतो. चांदी काळवंडायला त्याची अत्यल्प मात्रा पुरते आणि कोकणच्या पावसाळी दमटपणात ही क्रिया वेग घेते. बदलापूरला उल्हास नदीचे पाणी 26 जुलै 2005 रोजी आणि पुन्हा जुलै 2019 मध्ये घराघरांत शिरले. पुराच्या गाळात भिजून ओल्या कापडात राहिलेले तांब्याचे नाणे लवकर हिरवे पडते.

नाण्याचे मोल धातूवरून इतिहासाकडे सरकले, तशी घासण्याची रीत चुकीची ठरली. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप मारलेला होता. क्षत्रपांचा पराभव कळतो तो वरच्या छापाखाली उरलेल्या पुसट रेषांवरून. जोरात घासले तर आधी जातात त्या याच रेषा.

म्हणून आजची पद्धत कमीत कमी हात लावण्याची आहे. धूळ आणि माती ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची, तेलकटपणा ॲसिटोनने काढायचा, पुसण्याऐवजी टिपून वाळवायचे आणि नाणे कडेने धरायचे. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा वापरून सल्फाइडची पुन्हा चांदी करता येते, पण पृष्ठभाग निस्तेज होतो. बाजारात मिळणाऱ्या झटपट द्रावणांत बुडवलेल्या नाण्याची मूळ झळाळी हळूहळू उतरते. एकसंध, घट्ट बसलेला थर तसाच ठेवावा. मात्र तांब्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी दिसली तर ती क्लोराइडची कीड असते. ती ओलीत पसरते, त्यामुळे असे नाणे लगेच वेगळे करून कोरडे ठेवावे आणि जाणकाराकडे न्यावे. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद आणि पीव्हीसीचे पाकीट नाण्याजवळ नको. आम्लमुक्त कागद, मायलारचा कप्पा आणि सिलिका जेलची पुडी योग्य.

पाया खोदताना नाणी सापडली तर 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तोवर ती धुऊ नयेत. नाण्याला चिकटलेली माती, कापडाचा ठसा आणि थराचा रंग यांवरून ठेवा कशात आणि कसा पुरला होता ते अभ्यासकांना कळू शकते.