लाडीगोडीचा इतिहास

जुहूच्या चौपाटीवर सुट्टीच्या संध्याकाळी खाऊच्या गाड्यांपाशी क्षणभर उभे राहिले, की एक विद्या अगदी फुकटात पाहायला मिळते. बर्फाच्या गोळ्यासाठी हटून बसलेले पोर आधी रडून पाहते, ते लागू पडत नाही असे दिसताच मान तिरकी करून म्हणते, "बाबा, एकच दे ना!" त्यातला 'ना' चांगला हातभर लांब असतो. बाबांचा हात आपोआप खिशाकडे जातो. या विद्येला आपल्या भाषेने मोठे गोड नाव दिले आहे: लाडीगोडी.

हल्ली घरोघरच्या मुली कोरियन मालिका पाहतात आणि त्यांच्या तोंडून वडीलधाऱ्यांच्या कानावर एक नवा शब्द पडतो, 'एग्यो'. चिनी लिपीत तो दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ प्रेम, दुसऱ्याचा मोहकपणा. आवाज बारीक करून लहान मुलासारखे बोलणे, वाक्याचे शेपूट लांबवणे, गाल फुगवणे, हनुवटीखाली दोन्ही तळव्यांचे फूल करणे, हे सारे एग्योत येते. २०१३ साली हारी नावाच्या गायिकेचे 'क्वियोमी' हे असल्याच हावभावांचे गाणे तिकडे गाजले. तिथल्या लोकप्रिय गायक-गायिकांना, चांगल्या थोराड मुलग्यांनासुद्धा, चाहत्यांच्या आग्रहाखातर एग्यो करून दाखवावा लागतो.

"काय हा थिल्लरपणा!" असे म्हणण्यापूर्वी आपण आपले जुने दप्तर उघडावे हे बरे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानेश्वर संत-श्रोत्यांपुढे लेकरू होतात, आपल्या बोबड्या बोलांचे कौतुक करून घ्या म्हणतात. गीतेचा अर्थ उकलायला निघालेल्या ज्ञानियाने लडिवाळपणा का करावा? कारण थोरांच्या सभेत हक्काने मागता येत नाही, तिथे लाडाने मागता येते. हीच गोष्ट आपल्या घरांतही होती. तिजोरीची किल्ली ज्यांच्या कमरेला नव्हती, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या गृहिणींनी एका "अहो"च्या बळावर लुगडी मिळवली आणि माहेरच्या वाटाही मोकळ्या करून घेतल्या. तो "अहो" किती परींनी उच्चारता येतो, हे वाचकांना सांगायला नको!

या घरगुती विद्येला रंगभूमीवर राजवैभव दिले ते एका पुरुषाने. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकणे तेव्हा निषिद्ध होते. त्यामुळे स्त्रीचे लाजणे, रुसणे, मुरकणे पुरुषालाच वठवावे लागे. बालगंधर्वांनी ते असे वठवले, की घरोघरच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. पुरुषाने बायकांकडून उचललेला लाडिकपणा बायका पुन्हा त्याच्याकडून शिकल्या!

पण या लाघवाची किंमतही पाहिली पाहिजे. मार्च १९११ मध्ये खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग मुंबईत होता. बालगंधर्व त्यात भामिनी. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. घरी लेक गेलेला तेवीस वर्षांचाही न झालेला बाप तोंडाला रंग लावून उभा राहिला आणि श्रीमंताच्या लाडावलेल्या मुलीचे नखरे करून प्रेक्षकांना रिझवत राहिला. आजच्या कोरियन गायकाचे हसू पाहतानाही ही रात्र आठवावी. लाड पोटातून आला तर तो आनंद. मागणीबरहुकूम पुरवावा लागला तर ते कष्टच आहेत.

पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक या स्त्रियाच त्यात स्त्रियांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून घेतलेल्या या नाटकाचा प्रश्न असा, की स्त्रीकडून जे शील मागता तेच पुरुषाकडून का मागू नये? इथे लाडीगोडी नव्हती, सरळ सवाल होता. जुहूला १९७८ मध्ये पृथ्वी थिएटर उभे राहिले, तिथे तर प्रेक्षक रंगमंचाला तीन बाजूंनी बिलगून बसतात. खोटा लाड इतक्या जवळून लपत नाही.

मग काय, लाडीगोडी हद्दपार करायची? छे! परवा भाऊबीज येईल. बहीण ओवाळील, तबक पुढे करील आणि भावाने टाकलेल्या पाकिटाकडे पाहून म्हणेल, "एवढंच? आणखी दे ना, दादा!" ओवाळणी तिच्या हक्काचीच आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून तर तो लांबलचक 'ना' इतका गोड लागतो. घरातल्या लेकीसुनांना जे द्यायचे ते त्यांचा हक्क म्हणून आधी देऊन टाकावे. मग त्यांनी हौसेने केलेले लाड खुशाल पुरवावेत.