प्रोस्टेटचा कॅन्सर ‘गोठवून’ मारतात म्हणजे काय? रान विकण्याआधी हे वाचा

लातूर : साठीच्या पुढं रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते. दवाखान्यात रक्ताची पीएसए तपासणी होते, मग बायोप्सी होते आणि रिपोर्टवर ‘कॅन्सर’ हा शब्द येतो. घरात लगेच रान विकायची भाषा सुरू होते. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं, ‘चिरफाड न करता गाठ गोठवून टाकतात.’ हा उपचार खरा आहे, त्याला क्रायोथेरपी म्हणतात. पण आपल्या माणसाला त्याची गरज आहे का, हे पैसे जमवण्याआधी विचारलं पाहिजे.

कमी धोक्याचा कॅन्सर कोणता?

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. वयानुसार ती वाढते आणि ही वाढ बहुतेक वेळा साधी असते. साध्या वाढीनं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही पीएसए वाढतं. म्हणून नुसत्या पीएसएवर कॅन्सर ठरत नाही, बायोप्सी लागते.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा :

- पीएसए १० पेक्षा कमी
- ग्लीसन स्कोअर ६
- गाठ लहान आणि ग्रंथीच्या आतच

तिन्ही जुळलं तर डॉक्टर त्याला कमी धोक्याचा म्हणतात. असा कॅन्सर सहसा फार हळू वाढतो.

गोठवतात कसं?

जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात, ती थंडी आपण पाहिलेली आहे. प्रोस्टेटसाठी आता बहुतेक ठिकाणी आर्गॉन वायू वापरतात. भूल देऊन अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून बारीक सुया ग्रंथीत घालतात. सुईच्या टोकाशी वायू एकदम फैलावला की उणे ४० अंशांपर्यंत आणि त्याखालीही थंडी होते, गाठीभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. डॉक्टर तो सोनोग्राफीवर बघत राहतात. मग बर्फ वितळू देतात आणि पुन्हा एकदा गोठवतात. या दोन फेऱ्यांत पेशी फुटून मरतात. लघवीची वाट गोठू नये म्हणून तिच्यात कोमट पाण्याची नळी ठेवतात.

कल्पना जुनीच आहे. इंग्लंडचे डॉक्टर जेम्स अर्नॉट यांनी १८५० च्या सुमारास बर्फ आणि मीठ एकत्र करून गाठी गोठवल्या होत्या. आईस्क्रीमच्या सांच्यात आपण तेच करतो.

फायदा आणि तोटा

रक्त कमी जातं, मोठी चीर नसते आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. लघवीची नळी मात्र काही दिवस राहते. पूर्ण ग्रंथी गोठवली तर बऱ्याच जणांची लैंगिक ताकद जाते. काहींना लघवी धरवत नाही किंवा अडते. क्वचित लघवीची वाट आणि गुदाशय यांच्यात छिद्र पडतं.

मग घाई कशाला नको?

ब्रिटनमध्ये कॅन्सर प्रोस्टेटपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : ऑपरेशन, रेडिएशन (आपण ज्याला शेक म्हणतो ते) आणि नुसती निगराणी. १५ वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. तिन्ही गटांत शंभरातले साधारण ९७ जण या कॅन्सरनं मेले नाहीत. निगराणीतल्या निम्म्याहून जास्त जणांना पुढं उपचार घ्यावे लागले. कॅन्सर पसरण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं, शंभरात ९ च्या आसपास. बाकी दोन गटांत ५ च्या आसपास.

म्हणूनच कमी धोक्याच्या रुग्णाला आज पहिला सल्ला बहुधा निगराणीचा असतो. क्रायोथेरपीचा विचार जास्त करून रेडिएशननंतर कॅन्सर तिथंच परत आला तर किंवा मोठं ऑपरेशन झेपत नसेल तर होतो.

पण निगराणी म्हणजे घरी बसून राहणं नव्हे. साधारण सहा महिन्यांनी पीएसए, डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. सुगी आहे म्हणून तारीख चुकवली तर निगराणीचा उपयोग राहत नाही.

कुठं दाखवावं?

लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं सुरुवात करता येते. कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि १९४१ पासूनचं मुंबईचं टाटा मेमोरियल आहे. बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेताना ते लागतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सांगितलेला उपचार योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा

१. माझा कॅन्सर कमी, मध्यम की जास्त धोक्याचा?
२. आत्ता काहीच न करता निगराणी ठेवली तर चालेल का?
३. गोठवायचं तर पूर्ण ग्रंथी की फक्त गाठ? तुम्ही अशा किती केसेस केल्या?
४. लघवी आणि संसारसुखावर काय परिणाम होईल?

लघवीतून रक्त येत असेल, लघवी तुंबली असेल किंवा कंबर-पाठीची हाडं सतत दुखत असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रिपोर्ट कमी धोक्याचा असेल, तर दोन डॉक्टरांचं मत घ्यायला तुमच्याकडं वेळ आहे.