तसबिरीचा घोटाळा, दुसरी खेप

मंडळी, विनोदाचा दुसरा भाग काढणं हा मोठा अवघड धंदा आहे. रडवणारी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तरी डोळ्यात पाणी येतं. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की ऐकणारा आधीच म्हणतो, "हो हो, माहितेय."

मध्यंतरी एका व्हिडिओ गेमची परीक्षणं वाचत होतो. (या वयात? होय, या वयात. पोरं खेळतात, मी परीक्षणं वाचतो.) 'साउथ पार्क : द स्टिक ऑफ ट्रुथ' हा २०१४ चा विनोदी खेळ. रोल-प्लेइंग जातीचा, म्हणजे एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या पोटात शिरून गोष्ट पुढे न्यायची. त्यात गावातली पोरं जादूगार आणि राजेरजवाडे होऊन लुटुपुटीचं युद्ध खेळतात. २०१७ मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याचा पुढचा भाग काढला, 'द फ्रॅक्चर्ड बट होल'. पोरं तीच, गाव तेच, फक्त आता सगळे सुपरहिरो. परीक्षकांचा सूर साधारण असा, की लढाईची रचना पहिल्यापेक्षा सरस झाली, चौकटी आखून नीट डाव टाकता येतात, पण पहिल्या वेळी जो धक्का बसला होता तो आता नाही. कारागिरी वाढली, नवलाई गेली.

हे वाचलं आणि डोक्यात आले ते आमच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. सोंग, हसवणूक आणि दुसरी खेप, या तिन्ही गोष्टी त्यांच्या एकाच नाटकात आहेत. आणि तिथे निकाल बरोबर उलटा लागला.

ज्यांना हरिपूर माहीत नाही त्यांच्यासाठी : सांगलीपासून जेमतेम चार किलोमीटर, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि जमिनीखालची हळदीची पेवं. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. असो. या गावात १८५५ साली देवल जन्मले. बेळगावात मास्तरकी करताना अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात आले आणि पुढे नाटकमंडळ्यांचे तालीममास्तर झाले. नाटकं लिहिली एकूण सात. त्यातलं स्वतंत्र एकच, 'शारदा'. बाकी सहा संस्कृतावरून किंवा इंग्रजीवरून घेतलेली. टीकाकारांच्या हातात ही काठी कायम राहिली. देवल मोठे खरे, पण 'शारदा' सोडली तर बाकी उसनवारी.

आता या उसनवारीतला एक क्रम बघा. १८९० च्या सुमारास देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. बायकोवर संशय, मध्ये एक रुमाल, शेवटी मरण. ही भूमिका गाजवली गणपतराव जोशींनी. त्यांची शाहूनगरवासी नाटक मंडळी साताऱ्याची, नावातच सातारा आहे. ती गद्य नाटकं करणारी कंपनी, आणि शेक्सपिअर म्हणजे त्यांचा हुकमी पत्ता. झुंझाररावाने बायकोचा गळा दाबला आणि प्रेक्षक हादरले.

आणि १८९३ मध्ये देवलांनी दुसरं गद्य नाटक लिहिलं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुन्हा बायकोवर संशय. रुमालाच्या जागी आता तसबीर. पण इथे मरत कुणीच नाही, सगळे एकमेकांवर खेकसत घरभर धावतात. 'फाल्गुनराव' हा 'झुंझाररावा'चा विनोदी पुढचा भाग आहे असं देवल कुठे म्हणालेले नाहीत. मी म्हणतो. ज्या माणसाने संशयाने घर जळताना रंगवलं, त्यानेच तीन वर्षांत तोच संशय उलटा करून त्याचा पोरखेळ केला. दोन्हीकडे पुरावा म्हणून हातात येते एक क्षुल्लक वस्तू, आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली एवढ्यावर सगळा खेळ. ही दोन नाटकं ओळीने वाचा, एकाच हाताची उजवी-डावी बाजू दिसते.

मूळ कथा मात्र पॅरिसची. १६६० मध्ये मोलिएरने 'स्गानारेल' नावाचं एकअंकी प्रहसन लिहिलं आणि स्गानारेलचं काम स्वतःच केलं. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने लंडनमध्ये त्याचं पाच अंकी 'ऑल इन द राँग' केलं. तिथून ते देवलांकडे आलं. म्हणजे मराठीत येईपर्यंत गोष्ट दोनदा सांगून झालेली होती, आणि मोलिएरनेही इटालियन सोंगाड्यांकडून पुष्कळ उचललेलं होतं. उसन्याचं उसनं.

देवलांनी काय केलं? आधी नावं. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या, सगळे पुरुष महिने. कृत्तिका, रेवती, मघा, सगळ्या बायका नक्षत्रं. पंचांग उघडून पात्रं वाटली. गंमत म्हणून ठीक, पण त्यातून पहिल्याच पानाला कळतं की हे जग लुटुपुटीचं आहे, इथे गळा दाबला जाणार नाही.

गोष्ट अशी. रेवती रस्त्यात भोवळ येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो. बायको कृत्तिका नेमकं तेवढंच पाहते आणि तिचा संशय पेटतो. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर पाहत असताना नवरा येतो, त्याचा संशय पेटतो. पुढे तसबीर फाल्गुनरावाकडे दिसते, मग अश्विनशेठचा रेवतीवर संशय. एक तसबीर, चार माणसं, आणि प्रत्येकाने जे पाहिलं ते खरंच! कुणी खोटं बोलत नाही. 'ऑथेल्लो'त निदान एक दुष्ट माणूस कान भरायला असतो. इथे तोही नाही. आपापल्या डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या गोष्टींतून माणसं खोटं घर बांधतात.

आणि दुसरा बदल, जो माझ्या मते टीकाकारांनी हवा तेवढा मनावर घेतला नाही. मर्फीची बेलिंडा ही प्रतिष्ठित घरची मुलगी, राजरोस प्रियकराला भेटणारी. १८९३ च्या मराठी घरात अशी मुलगी कुठून आणायची? आठव्या-दहाव्या वर्षी लग्नं होत होती, त्याच दुखण्यावर देवलांनी पुढे 'शारदा' लिहिली. म्हणून रेवती नायकिणीची मुलगी झाली. वरवर ही सोय वाटते. पण त्याने नाटकाचा तोल बदलला. अश्विनशेठचा संशय आता केवळ प्रियकराचा रुसवा राहत नाही. "शेवटी जातीवर गेलीच ना" असं म्हणायला समाज टपलेला आहे, आणि अश्विनशेठ त्या समाजाच्या तोंडाने बोलतो. रेवती त्याला खडसावते तेव्हा ती नुसती प्रेयसी म्हणून बोलत नाही. शेवटी तिचं लग्न लागतं, तेही हसतखेळत. 'मृच्छकटिका'तली वसंतसेना देवलांनी आधीच मराठीत आणलेली होती, तिची ही धाकटी बहीण. याला उसनवारी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

तरीही गद्य 'फाल्गुनराव' आज कुणाला आठवतो? नावसुद्धा अभ्यासकांपुरतं उरलं. आठवतं ते 'संशयकल्लोळ'.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर कंपनीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. (बालगंधर्वांचं गाव नागठाणे, पलूस तालुक्यातलं. म्हणजे पुन्हा आमच्याच कृष्णाकाठचं. एवढा अभिमान चालायचाच.) या मंडळीसाठी देवलांनी जुन्या प्रहसनात पदं घातली. तेव्हा ते साठीला आलेले होते. जून १९१६ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं. नाटककाराने आपल्या नाटकाची ही दुसरी खेप प्रेक्षकांसमोर पाहिलीच नाही.

कागदावर हा बेत फसायला हवा होता. प्रहसनाचा जीव वेगात. दार उघडतं, दार लागतं, चुकीचा माणूस चुकीच्या वेळी आत येतो. आणि तिथे तुम्ही रागदारी घालणार? तीही बालगंधर्वांच्या काळात, जेव्हा वन्समोअरवर वन्समोअर पडून नाटकं पहाटेपर्यंत चालायची? पण देवल जन्मभर तालीम घेणारे, त्यांना कुठे काय झेपतं ते ठाऊक होतं. पदांचा मुख्य भार त्यांनी अश्विनशेठ आणि रेवतीवर टाकला. धावपळ करणारा फाल्गुनराव बोलत राहिला. प्रेमी गातात, संशयी बोलतात. गाणं चालू असताना प्रेक्षक श्वास घेतो आणि मग पुन्हा फाल्गुनराव येऊन सगळ्याची वाट लावतो.

तो फाल्गुनराव होता गणपतराव बोडस, आणि नाव झालं ते त्याचं. बालगंधर्वांची रेवती समोर गात असताना एका न गाणाऱ्या, चिडक्या, संशयी नवऱ्याने प्रयोग आपल्याकडे ओढावा, ही काय लहान गोष्ट? बोडसांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच 'माझी भूमिका'. त्यानंतर जो फाल्गुनराव आला तो बोडसांशी ताडून पाहिला गेला. शंभर वर्षांनी, २०१० च्या दशकात, राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी 'संशयकल्लोळ' पुन्हा उभं केलं. गाणारा अश्विनशेठ देशपांडे, फाल्गुनराव दामले. संहितेला कात्री लावून ते चपळ केलेलं होतं.

तेव्हाही गाण्यांचे दर्दी म्हणाले पदं कमी झाली, आणि नाटकवाले म्हणाले अजून छाटायला हवी होती. देवलांच्या नाटकावरचं हे भांडण जुनंच. गद्यवाल्यांना गाणं आड येतं आणि गाणंवाल्यांना गोष्ट. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे, आणि पदं थोडी कमी असती तर मीही तक्रार केली नसती.

पण त्या गेमच्या परीक्षकांचं म्हणणं इथे लागू पडत नाही. नवलाई गेली म्हणून विनोद गेला, असं त्यांना वाटलं. 'संशयकल्लोळ' बघायला जाणाऱ्याला तसबीर कुठे पडणार हे माहीत असतं, कोण उचलणार हेही माहीत असतं. फाल्गुनरावाला तेवढं माहीत नसतं. रेवती भोवळ येऊन पडते, तो सावरायला धावतो, आणि कृत्तिका अजून दिसलेलीसुद्धा नसते तेवढ्यात थिएटरात खसखस सुरू होते.