घर, शाळा आणि कायदा



शाळेच्या व्यासपीठावरून घरच्या शिक्षणाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलाच्या शिकण्याचीच चिंता वाहिली. म्हणून आजचा प्रश्न त्या चिंतेशी जोडूनच मांडतो. मुलाला शाळेत न घालता आई-वडिलांनी घरीच शिकविले, तर तो अपराध मानावा काय?

हा प्रश्न मराठी समाजाला अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात तो आपल्यापुढे उलट्या रूपात उभा होता. मुलीला शिकविणे हाच तेव्हा अपराध होता. ही बंदी सरकारी नव्हती, शास्त्राच्या नावाने चालणाऱ्या रूढीची होती. पण तिचा धाक कायद्याहून उणा नव्हता. कायदा मोडणाऱ्याला दंड होई, रूढी मोडणाऱ्याला वाळीत टाकले जाई.

पेशवाईच्या अखेरीस अनंतशास्त्री डोंगरे नावाचे विद्यार्थी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. गुरूंबरोबर वाड्यात गेलेल्या या शिष्याने एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असा निश्चय केला. घरच्यांच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो तडीस गेला नाही. तिच्या निधनानंतर, चाळिशी उलटल्यावर, तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांचा नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. हा विषम विवाह होता, हे झाकण्याचे कारण नाही. मात्र त्या मुलीच्या हाती त्यांनी पोथी दिली, हेही तितकेच खरे.

घरात आणि जातीत गहजब झाला. तेव्हा अनंतशास्त्र्यांनी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, बिऱ्हाड नेले. पुढे उडुपी येथील माध्व संप्रदायाच्या धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांतूनच आधार काढून दाखविले की, वेद वगळता अन्य संस्कृत वाङ्मय शिकण्यास स्त्रियांना मज्जाव नाही. त्यांच्यावर बहिष्कार पडला नाही. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. वेदांवरील बंदी त्यांनीही मानली. पण सभेने मानलेल्या ग्रंथांच्याच आधाराने त्यांनी सभेला उत्तर दिले, हे महत्त्वाचे.

२३ एप्रिल १८५८ रोजी याच गंगामूळला त्यांची कन्या रमाबाई जन्मली. ती अवघ्या काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थाटनास निघाले. म्हणजे रमाबाईंच्या या 'घरच्या शाळे'ला धड घरही नव्हते. देवळाच्या ओवरीत वा धर्मशाळेत पहाटे आई मुलीला उठवी आणि श्लोक पाठ करून घेई. वडील वृद्ध झाल्याने अध्यापनाचे काम आईकडे आले होते. बारा वर्षांच्या वयापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते. दुष्काळाने आई-वडील हिरावून नेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या पोरक्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

येथवरची कथा ऐकून, घरचे शिक्षणच श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढील. रमाबाईंनी तो काढला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. जिचे बालपणीचे सारे शिक्षण शाळेबाहेर झाले, तिनेच शाळा काढली. कारण उघड आहे. लाखांत एका मुलीला अनंतशास्त्र्यांसारखा पिता आणि लक्ष्मीबाईंसारखी माता लाभते. उरलेल्या मुलींसाठी शाळेचेच दार उघडावे लागते.

सक्तीच्या शिक्षणाचा उगम याच जाणिवेत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आपला निमाड त्या वेळी मध्य प्रांतात होता. तेथे १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा दिली. या साऱ्या सक्तीचा रोख मुलाला गुराखी वा मजूर म्हणून राबविणाऱ्या आणि अक्षरापासून दूर ठेवणाऱ्या परिस्थितीवर होता. घरी शिकविणारी आई हे तिचे लक्ष्य नव्हते.

गोखल्यांनी ज्यांचा आधार घेतला, त्यांतील १८७० च्या इंग्लिश कायद्यात हा विवेक स्पष्ट आहे. मूल अन्य प्रकारे नीट शिकत असेल, तर शाळेतील गैरहजेरीस ते सबळ कारण मानले जाई. जर्मनीने वेगळी वाट धरली. १९३८ च्या कायद्याने देशभर शाळेतील हजेरीच सक्तीची केली आणि महायुद्धानंतरही राज्यांच्या कायद्यांत ती सक्ती टिकली. समाजात अलग बेटे निर्माण होऊ नयेत, सर्व थरांतील मुलांनी एकत्र वाढावे, हा त्यामागील आजचा युक्तिवाद. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीची बाजू उचलून धरली. स्वीडननेही २०१० च्या कायद्याने घरच्या शिक्षणाची वाट जवळजवळ बंद केली. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या समाजात एका पंक्तीला बसणे हाच शतकानुशतके वादाचा विषय होता, त्या आपल्या समाजाला एका बाकावर बसण्याचे मोल परक्याने सांगावयास नको.

आपल्या देशात काय आहे? २००२ च्या घटनादुरुस्तीने पालकावर जे कर्तव्य घातले, ते सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमात तेच कर्तव्य जवळच्या शाळेत दाखल करण्याचे झाले. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास त्या कायद्याने शिक्षा सांगितलेली नाही. घटनेत शब्द आहे 'शिक्षण', कायद्यात 'शाळा'. या दोन शब्दांमधील अंतर आपण डोळसपणे राखले पाहिजे, असे माझे मत आहे.

दापोऱ्याच्या श्रोत्यांना हे अंतर अनुभवाने ठाऊक असावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. अशा सीमाभागात मराठी बोलण्या-वाचण्याचा वारसा केवळ शाळांनी राखलेला नाही. आजीने सांगितलेल्या ओव्या आणि देवळात चालणारे पारायण हीही शिक्षणाचीच ठिकाणे आहेत. त्यांचा हजेरीपट कोणी ठेवीत नाही.

म्हणून माझे निवेदन एवढेच की, कायद्याने मुलाचा ठावठिकाणा विचारण्याआधी त्याची प्रगती विचारावी. जे घर मुलाला शिकवीतच नाही, त्याच्यावर सक्ती जरूर व्हावी. तेथे शाहू महाराजांचा एक रुपया दंडही सार्थ आहे. परंतु जे घर शिकवते, त्याने मुलाला परीक्षेस बसवावे, चार मुलांत मिसळू द्यावे, आणि सरकारने त्याला अपराधी ठरवू नये. उडुपीच्या सभेने अनंतशास्त्र्यांना निदान आपली बाजू मांडू दिली. आजच्या सरकारने त्याहून कमी उदार असू नये.