संप आणि ‘कुमिआई’

कामगारांनी मिळून काम थांबविले की मराठीत त्याला संप म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र काम थांबविणे असा मुळीच नाही. संप म्हणजे एकी, एकमत. गुजरातीत तो आजही याच अर्थाने चालतो. एकीतून जे घडले त्यालाच मराठी भाषेने एकीचे नाव दिले. हरताळ म्हणजे हाटाला लागलेला टाळा, टाळेबंदी म्हणजे मालकाने घातलेले कुलूप. संपात कुलपाची कल्पनाच नाही.

जपानी भाषेत कामगार संघटनेला ‘रोदो कुमिआई’ म्हणतात. ‘रोदो’ म्हणजे श्रम. ‘कुमि’ म्हणजे गट. ज्या क्रियापदापासून तो शब्द निघाला त्याचा अर्थ गुंफणे, विणणे. ‘आई’ म्हणजे परस्परांशी. या ‘कुमि’ची पूर्वपीठिका चमत्कारिक आहे. तोकुगावा राजवटीत पाच-पाच घरांचे असेच गट बांधले जात आणि एकाच्या अपराधाचे उत्तरदायित्व साऱ्यांवर पडे. पाळतीसाठी राबलेला हा शब्द पुढे श्रमिकांच्या हाती आला. अमेरिकेतील संघटना पाहून परतलेल्या ताकानो फुसातारो याने १८९७ साली सहकाऱ्यांसह कामगार संघटनांच्या प्रसारासाठी मंडळ काढले. तीनच वर्षांत, १९०० साली, संपाची चिथावणी देणे गुन्हा ठरविणारा कायदा आला. ते कलम १९२६ मध्ये रद्द झाले. हिंदुस्थानात कामगार संघटनांचा कायदा झाला तोही याच वर्षी.

१९१९ साली कोबे येथील कावासाकी गोदीतील कामगारांनी काम न सोडता ते मंदावले. त्यासाठी योजलेल्या ‘साबोताजु’ या फ्रेंच उसनवारीतून ‘साबोरु’ हे अस्सल जपानी वळणाचे क्रियापद तयार झाले. आज शाळा बुडविणारी मुलेही ते वापरतात! १९४० मध्ये संघटना विसर्जित करण्यात आल्या. युद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांना कायद्याचा आधार मिळाला. १९५५ साली आठ संघटनांनी एकत्र येऊन वसंत ऋतूत वेतनवाढीची मागणी केली, आणि ‘शुन्तो’, म्हणजे वासंतिक लढा, हा शब्द रूढ झाला.

याच दशकात गोव्याचे लोहखनिज मुरगावहून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले होते. खनिज पोहोचे तेथे ‘शुन्तो’ होता. ते निघे तेथे संप हा अपराध होता, कारण पोर्तुगालच्या १९३३ च्या श्रमविधानाने संपास बंदी घातली होती. पेडण्यातील इब्रामपूरसारख्या गावचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला की संप, लाल बावटा, युनियन हे शब्द त्याच्या तोंडी बसत. गावी परतताना ते सीमेपलीकडे ठेवणेच शहाणपणाचे असे. डिसेंबर १९६१ मध्ये ती राजवट संपली, यथावकाश भारतीय कायदे लागू झाले आणि हा शब्द गोव्यातही उघडपणे उच्चारता येऊ लागला. खुद्द पोर्तुगालच्या कामगाराला त्यासाठी १९७४ पर्यंत थांबावे लागले.