देवाच्या उपकारांचे स्मरण

ख्रिस्ती साधनेतील एक जुनी रीत. आजच्या संकटात धीर यावा म्हणून देवाने पूर्वी कसे सांभाळले ते आठवणे आणि मंडळीत साक्ष म्हणून सांगणे. यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणविले, ते मुलांनी पुढे विचारावे व वडीलधाऱ्यांनी सांगावे म्हणून (यहोशवा 4). स्तोत्र 77 अधिक प्रांजळ आहे: तिथे आठवणीने आधी तळमळ वाढते, मग धीर येतो.

महाराष्ट्रातील याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचे (1858–1922). 1874 च्या सुमारास दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर दिवस काढले, आईवडील गेले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना आणायला त्या निघाल्या, तेव्हा हीच उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे होती. अनाथालये चालविणारे जॉर्ज म्यूलर यांचे अनुभव वाचून केवळ देवावर विसंबण्याचे बळ त्यांना आधीच मिळाले होते. 1907 मध्ये त्यांनी स्वतःची साक्ष लिहून प्रसिद्ध केली. या मुलींना आसरा देणारे केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.