वेदना, शंख आणि मात्रा

अब्बांच्या आजारपणातली एक रात्र मी आजवर कुठे लिहिली नव्हती. कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि किती तासांनी किती, हे कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं. त्या रात्री अब्बा उशी दातात धरून रडत होते. भाईजान म्हणाले, "अजून एक दे, काय होतंय?" आणि मी दिली. तासाभराने पुन्हा अर्धी दिली. पहाटे अम्मीने हाक मारली तर अब्बा उठेनात. श्वास इतका संथ चालला होता की मी मोजू लागलो. दवाखान्यात वेळेवर पोहोचलो म्हणून ते वाचले. चूक औषधाची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. ती माझी होती.

नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की काही रुग्णांना गोळीऐवजी थेट पाठीच्या कण्यात औषध देता येतं. पोटाच्या त्वचेखाली एक छोटा पंप बसवतात. अब्बांच्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं. खर्च होता आणि वेळही उरला नव्हता. पण ते गेल्यावर या उपचाराचा इतिहास मी वाचत गेलो. वर्गात मी उर्दू आणि मराठी शिकवतो, वैद्यकशास्त्र माझा विषय नाही. तरीही हा इतिहास आपल्या घरांत पोहोचावा असं वाटतं, म्हणून लिहितोय.

वेदनेवर इलाज शोधणं हे काही आजचं काम नाही. हजार वर्षांपूर्वी इब्न सिनाने 'अल्-क़ानून'मध्ये वेदनेचे प्रकार वेगवेगळे करून मांडले. अफूचा गुण सांगितला, तिचा धोकाही सांगितला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सेर्ट्युर्नर नावाच्या औषध बनवणाऱ्याने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. पण गोळी असो वा इंजेक्शन, औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. दुखतं एका जागी, गुंगी येते सगळ्या देहाला.

कण्याचा रस्ता उघडला १८९८ साली. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बियर या सर्जनने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेनचं इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया केली. मग स्वतःवर आणि सहायक हिल्डेब्रांटवर प्रयोग केला. बियरवरचा प्रयोग फसला, कारण सिरिंज सुईला नीट बसेना आणि कण्यातला द्रव वाहून गेला. हिल्डेब्रांटचे पाय मात्र असे बधिर झाले की नडगीवर हातोडी मारली तरी त्याला दुखलं नाही. बियर पुढे नऊ दिवस डोकेदुखीने बेजार होता. या वाटेवरचा पहिला धडा पहिल्याच वर्षी मिळाला. कण्याचा दरवाजा उघडतो, पण प्रत्येक वेळी काही किंमत घेतो.

१९७६ मध्ये याक्श आणि रूडी या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की मॉर्फिन थेट मज्जारज्जूपाशीही वेदना रोखतं. तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या आठ रुग्णांना कण्यात अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फिन दिलं आणि बहुतेकांना अनेक तास आराम पडला. तोंडाने घ्यायच्या साधारण तीनशे मिलिग्रॅमचं काम कण्यातला एक मिलिग्रॅम करतो, असा ढोबळ हिशेब डॉक्टर मांडतात. हा आकडा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी तर दीड गोळीत अब्बांना त्या टोकाला नेलं होतं. इथे तर दशांशचिन्ह एक घर सरकलं तरी माणूस जाऊ शकतो.

१९८० च्या दशकात शरीरात बसवायचे पंप आले. तेव्हा आणखी धडे मिळाले. कण्यातलं मॉर्फिन हळूहळू वर मेंदूकडे सरकतं आणि कित्येक तासांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून इंजेक्शननंतर रुग्णावर नजर ठेवावी लागते. जास्त तीव्रतेचं मॉर्फिन वर्षानुवर्षं दिलं तर नळीच्या टोकाशी गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पंप भरताना सुई टाकीऐवजी आजूबाजूच्या मांसात गेली तर आठवड्यांचं औषध एकदम अंगात उतरतं.

आता शंखाकडे वळतो. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर शंकूच्या आकाराचे, नक्षीदार शंख सापडतात. लहानपणी नानीच्या गावी आम्ही ते गोळा करायचो. या जातीची गोगलगाय विषारी असते, दातासारखा भाला मारून मासे किंवा किडे पकडते, हे तेव्हा कुणाला ठाऊक! रुम्फियस या निसर्गअभ्यासकाच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीची नोंद आहे. असा शंख हातात धरला आणि ती मेली. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

अडीचशेहून अधिक वर्षांनी फिलिपाईन्सचे बाल्दोमेरो ऑलिवेरा अमेरिकेत शिकून मनिलाला परतले. प्रयोगशाळेत साधनं नव्हती. समुद्रात मात्र हे शंख भरपूर होते, म्हणून त्यांनी त्यांचं विष अभ्यासायला घेतलं. पुढे युटा विद्यापीठात त्यांच्याकडे मायकल मॅकिंटॉश नावाचा, नुकतीच शाळा संपवलेला मुलगा काम करू लागला. 'कोनस मॅगस' या शंखाच्या विषातून २५ अमिनो आम्लांची एक साखळी त्याने वेगळी काढली. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे धाडण्यासाठी मज्जातंतूंना कॅल्शियमची जी दारं लागतात, ती ही साखळी बंद करते. तिची हुबेहूब प्रत कारखान्यात बनवली आणि डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत तिला औषध म्हणून मान्यता मिळाली. नाव झिकोनोटाइड. शिरेतून दिलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून ते फक्त कण्यातच देतात, आणि तेही इतर उपाय थकलेल्या रुग्णाला.

हे औषध मॉर्फिनसारखं श्वास रोखत नाही, त्याची सवय लागत नाही, एकदम बंदही करता येतं. मग भीती कशाची? घाईची! सुरुवातीच्या चाचण्यांत डोस मोठा होता आणि भराभर वाढवला गेला. रुग्णांना चक्कर, गोंधळ, विस्मरण, भास होऊ लागले. नंतर डोस खाली आणला, वाढवण्याचा वेग कमी केला, तेव्हा ते अधिक लोकांना सोसवलं. आज अमेरिकी नियमानुसार सुरुवात दिवसाला जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅमने होते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग! वाढवायचं तेही एका वेळी तेवढंच, आठवड्यात दोन-तीनदाच, आणि कमाल १९.२.

पूर्वी मनोविकृतीचा आजार झालेल्या माणसाला ते देत नाहीत. आणि इथे घरच्यांचं काम सुरू होतं. माणूस शब्द विसरतोय, चालताना तोल जातोय, उदास झालाय, नसलेलं काही दिसतंय म्हणतोय, तर "म्हातारपण आहे" म्हणून सोडायचं नाही. हे बदल काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतात. ताप, मान आखडणं, जोराची डोकेदुखी झाली तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पंप भरण्याची तारीख चुकवायची नाही. आधीचं मॉर्फिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, कारण शंखाचं औषध त्याची जागा भरून काढत नाही.

आमच्या घरांत दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, सब्र करा, वेदना ही परीक्षा आहे. दुसरं म्हणतं, अजून एक गोळी दे. अब्बांना मी दोन्ही टोकांवर नेलं. आधी महिनाभर सब्र सांगितला, मग एका रात्रीत घाई केली. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

मराठीत औषधालाही मात्रा म्हणतात, प्रमाणालाही. उर्दूत प्रमाणाला मिक़दार म्हणतात. मुलांना मी सांगतो, अक्षरावर एक मात्रा चुकली तर शब्द बदलतो. अब्बांच्या उशाशी बसून श्वास मोजले, तेव्हा ते मला स्वतःला कळलं.